आजीच्या वतीने आभार

आमची आजी गेल्या महिन्यात गेली. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा, आजी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. माहेर हरिपूरचं, पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात साठवलेली हळद बाहेर काढताना सुटणारा वास तिला शेवटपर्यंत आठवायचा. आजोबा लवकर गेले. मग चार मुलं, दोन दीर आणि अंथरुणाला खिळलेली सासू, सगळ्यांचं तिनेच केलं.

हे लिहितोय ते त्या दोन पोरांसाठी. ऑगस्ट २०१९ चा पूर. कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर. सांगलीच्या गावभागात आम्ही माडीवर अडकलेलो. "२००५ ला हलले नाही, आता कुठं जाऊ?" म्हणून आजी बसून राहिली. तुम्ही होडी जिन्याला लावलीत. तुमच्यातला एक तिच्यापुढे पाठ करून बसला आणि म्हणाला, "आज्जी, बसा, माझी आज्जीपण अशीच हाय." देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा पदरात बांधून ती तुमच्या पाठीवर बसली. नाव विचारेपर्यंत तुम्ही पुढच्या घराकडे निघालात.

निवाऱ्याच्या शाळेत स्वतःची वाकळ तिच्या अंगावर घालणाऱ्या मावशी, तुमचेही आभार. ती वाकळ अजून आमच्याकडे आहे, धुऊन ठेवलेली.

दर नागपंचमीला आजी विचारायची, "ती पोरं सापडली का रे? जेवायला बोलवायचंय." पोरांनो, हे वाचलंत तर या. पुरणपोळीचं ताट तिने कबूल केलंय.