रजिस्टरमधली एक ओळ

मा. संपादक,

अप्रेझलचे दिवस आले की जो तो आपापले आकडे घेऊन बसतो, ते बघून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे एक शिफ्ट सुपरवायझर होते, आता रिटायर झाले. प्रॉडक्शन बेताचंच, मीटिंगमध्ये तर तोंड उघडायचे नाहीत, पण घरी निघताना हँडओव्हर रजिस्टरमध्ये लिहून जायचे, 'तीन नंबरचा बेल्ट आवाज करतोय, चालू आहे पण रात्री एकदा बघा.' बास. तेवढ्यावर रात्रपाळीवाला मशीन बंद पडायच्या आधीच बेल्ट बदलून मोकळा व्हायचा आणि त्याचं क्रेडिट कुणालाच नाही, कारण जे बिघडलंच नाही ते रिपोर्टमध्ये येणार कसं? त्यांच्या जागी आलेला पोरगा हुशार आहे, टार्गेटच्या वर माल काढतो, फक्त रजिस्टरात रोज 'सर्व ओके'. त्या ओकेच्या खाली काय दडलंय ते रात्री दोन वाजता कळतं आणि निस्तरतो दुसराच.

टीमवर्कवर भाषणं पुष्कळ ऐकली, पण नुसतं टीम म्हटल्याने काम होत नाही. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ साली ते छापून आलं. आठ जण ओढायला लागले की माणशी जोर एकट्याच्या निम्म्यावर! थोडं कारण ताळमेळ नसतो हे, आणि थोडं आपलं नेहमीचंच, बाकीचे ओढतायत ना. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून पाहिलं तरी तीच गत, अंग चोरणं काही सुटलं नाही.

म्हणून एकेकाचं काम मोजूच नये असं मी म्हणत नाही, मोजा की. पण मोजताय काय? किती नग काढले हे बॉसला दिसतंच, ते काम पुढच्याला जसंच्या तसं वापरता आलं की त्याला आधी तासभर दुरुस्त करत बसावं लागलं, हे फक्त त्या पुढच्यालाच माहीत असतं आणि त्याला कुणी विचारतच नाही. फॉर्ममध्ये तेवढा एक रकाना घाला, तो बॉसने नाही, पुढच्या टेबलवाल्याने भरायचा.

आता खरं सांगायचं तर गेल्या आठवड्यात मीच निघायच्या घाईत टोटल न तपासता शीट पुढे ढकलली होती, त्यामुळे तो रकाना यंदापासूनच नको, पुढच्या वर्षीपासून घाला.

आपला,
एक नोकरदार वाचक