ब्रायन मेचा टोन आणि तुझे नॉब

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, पण याचं उत्तर दोन ओळींत मावणार नाही म्हणून सरळ पत्रच लिहितोय. तू विचारलंस की क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे याच्यासारखा आवाज हवा असेल तर गेन (आवाज किती फाटावा) किती, मिड (मधले सूर) किती, ट्रेबल (उंच, तीक्ष्ण सूर) किती. तर आधी हे ऐक, तो इतकी वर्षं ज्या अ‍ॅम्पवर वाजवतोय, त्या व्हॉक्स एसी३० च्या नॉर्मल चॅनलला ट्रेबल-बेसचे नॉबच नाहीत! व्हॉल्यूम आहे, तो फुल. आणि अख्ख्या अ‍ॅम्पला मिळून एक टोन कट, बास. म्हणजे तू जे आकडे शोधतोयस ते अ‍ॅम्पवर सापडणारच नाहीत, ते अ‍ॅम्पच्या आधी आहेत, गिटारच्या व्हॉल्यूमवर आणि ट्रेबल बूस्टर नावाच्या छोट्या पेडलमध्ये.

हा बूस्टर समजून घे, कारण खरी मेख तिथेच आहे. ब्रायनला एसी३० आणि बूस्टर ही जोडी मिळाली आयरिश गिटारिस्ट रोरी गॅलघरकडून, लंडनच्या मार्की क्लबमध्ये शो संपल्यावर त्याने जाऊन थेट विचारलं की हा आवाज कसा काढता, आणि रोरीने काहीही न लपवता सांगून टाकलं, एसी३० आणि डॅलस रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर. मला हा किस्सा फार आवडतो, इतक्या नावाजलेल्या माणसाने एका चाहत्याला सगळं सांगितलं. तर नावात ट्रेबल असलं तरी या पेडलचं मोठं काम म्हणजे अ‍ॅम्पमध्ये जाण्याआधी बेस कमी करणं आणि उरलेला सिग्नल दणकून वाढवणं. एसी३० मध्ये चार ईएल८४ व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) असतात आणि निगेटिव्ह फीडबॅक (आवाज स्वच्छ ठेवायला आउटपुटचा थोडा भाग मागे फिरवणं) नसतो, त्यामुळे त्याचा आवाज हळूहळू, मऊ फाटत जातो, म्हणजे डिस्टॉर्ट होतो. अशा अ‍ॅम्पमध्ये पूर्ण बेस घुसवला की सगळं फसफसतं, खालच्या तारांचा नुसता चिखल होतो. बेस आधीच कापला की तोच अ‍ॅम्प गायला लागतो, आणि जाडपणा अ‍ॅम्प स्वतःच भरून काढतो. म्हणून बूस्टर एकटा ऐकलास तर किरकिरा वाटेल, घाबरू नकोस. आणि तो गिटारच्या लगेच पुढे लाव, मध्ये ट्यूनर वगैरे काही नको, बफर (सिग्नल टिकवणारं छोटं सर्किट) असलेला पेडल मध्ये आला की गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर जी सफाई यायला हवी ती नीट येत नाही.

आता तुझ्या मॉडेलरबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या अ‍ॅम्पची नक्कल करणाऱ्या त्या डिजिटल डब्याबद्दल. एसी३० चं नॉर्मल चॅनलवालं मॉडेल असेल तर तेच घे. फक्त टॉप बूस्ट (ट्रेबल-बेसचे नॉब असलेला चॅनल) असेल तर ट्रेबल ४, बेस ३ च्या आसपास ठेव, कारण त्या सर्किटमध्ये दोन्ही वर नेले की मिड्स खड्ड्यात जातात आणि मेचा सगळा आवाज मिड्समध्येच आहे. कट मध्यावर ठेव, आणि लक्षात ठेव तो उलटा चालतो, वाढवला की ट्रेबल कमी होतो. मास्टर व्हॉल्यूम असेल तर पूर्ण उघड आणि घरच्यांचे कान वाचवायला शेवटचा आउटपुट कमी कर. त्याच्यापुढे अजून डिस्टॉर्शन पेडल लावू नकोस प्लीज, तिथेच सगळा टोन मरतो.

हे झालं की एक ई कॉर्ड वाजव, गिटारचा व्हॉल्यूम १० वर, आणि ती घुमत असतानाच करंगळीने नॉब हळूहळू खाली आण. ७ च्या आसपास खरखर विरळ होईल, ४ वर तारा वेगवेगळ्या ऐकू यायला लागतील, जवळजवळ क्लीन. मे चॅनल बदलत नाही, तो हेच करतो, रिदमला खाली आणि सोलोला वर. तुझी सेटिंग बरोबर आहे की नाही ते या एका चाचणीत कळतं. ४ वरही घाण येत असेल तर अ‍ॅम्पचा गेन जास्त झालाय.

गिटारचा मुद्दा राहिलाच. ब्रायनची रेड स्पेशल ही गिटार त्याने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरी बनवायला घेतली, त्यात बर्न्सचे तीन ट्राय-सॉनिक सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडणारे) आहेत पण सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले, आणि प्रत्येकाला स्वतःचा ऑन-ऑफ आणि फेजचा (सिग्नल उलटा करणारा) स्विच. तुझ्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर ब्रिज आणि मिडल पिकअप एकत्र केले की ते पॅरललमध्ये, म्हणजे शेजारीशेजारी जोडले जातात, आवाज बारीक होतो. सोल्डरिंग करणारा कोणी ओळखीचा असेल तर सिरीजचा स्विच बसवून घे, माझ्या मते नवा पेडल घेण्यापेक्षा याने जास्त फरक पडेल.

आणि प्लेक्ट्रम (तार छेडायची प्लास्टिकची चकती) बाजूला ठेव. तो जुन्या ब्रिटिश सिक्सपेन्सने वाजवतो, कडेला बारीक खाचा असलेलं नाणं, अजिबात वाकत नाही. तारेला समांतर धरलं तर स्वर गुळगुळीत निघतो, थोडं तिरकं केलं की खाचा तारेवर घासतात आणि प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला एक छोटंसं 'खर्र' येतं, ते कुठल्याही नॉबने येत नाही. खाचांची कड असलेलं कुठलंही नाणं चालेल. पकड मात्र ढिली ठेव.

डीले (आवाजाचा उशिरा येणारा प्रतिध्वनी) सगळ्यात शेवटी बघ. क्वीनच्या ब्रायटन रॉक या गाण्याच्या लाइव्ह सोलोत तो प्रत्येक डीले वेगळ्या अ‍ॅम्पला देतो म्हणून ते एकमेकांत कालवत नाहीत, एकाच डिस्टॉर्ट होणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये सगळं ओतलंस तर गोंधळ होईल. मॉडेलरमध्ये डीले अ‍ॅम्पच्या नंतर ठेवलास तरी तुझं काम होईल.

अरे हो, क्वीनच्या गुड कंपनी या गाण्यातला तो जाझ बँडसारखा भाग ऐकलायस ना, १९७५ चा? ती सगळी गिटार आहे, आणि अ‍ॅम्प म्हणजे क्वीनचा बेस गिटारिस्ट जॉन डीकनने कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून बनवलेला बॅटरीवरचा डब्बा, त्यावर एकही नॉब नाही! मला तर ते ऐकताना अजूनही खरं वाटत नाही.

आधी बूस्टर आणि गिटार व्हॉल्यूम एवढंच कर, मग एकच रिफ (छोटी धून) गिटारच्या व्हॉल्यूमवर १०, ७ आणि ४ वर वाजवून मला पाठव, कट किती ठेवायचा ते ऐकून सांगतो.

तुझाच,
मित्र