‘नोकर’ खोडून ‘सालगडी’ लिहिणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांस,

सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या वाचनगटात ‘होर्दुबल’ या चेक कादंबरीच्या माझ्या अनुवादाचं शेवटचं प्रकरण वाचून झालं. एकूण अकरा बैठका लागल्या. शेवटचं वाक्य वाचल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, “बाई, तुम्हाला चेक भाषा येते?” मी म्हटलं, मला नाही, एका काकांना येते. तुमचं नाव सांगायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद होती, ती मी पाळली. पण नाव न घेता आभार मानायला तुम्ही मनाई केलेली नाही. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या पिशवीत एका मासिकानं साभार परत पाठवलेला अनुवाद होता. इंग्रजीवरून केलेला. तुम्ही नोकरीच्या निमित्तानं तरुणपणी दोन वर्षं ब्रनोला होता आणि तिथून चेक शिकून आलात, एवढंच मला वाचनालयात कळलं होतं. तुम्ही झोपाळ्यावर बसून पहिली चार पानं वाचलीत, चष्मा काढलात आणि विचारलंत, “हा माणूस गुरं राखलेला आहे ना? मग हा असा शाळामास्तरासारखा विचार का करतोय?”

त्या एका प्रश्नानं माझा सगळा अनुवाद उलटापालटा झाला.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी कथा थोडक्यात सांगते. कारेल चापेकची ही कादंबरी 1933 सालची. युराय होर्दुबल अमेरिकेत खाणकाम करून आठ वर्षांनी गावी परततो. गाव कार्पेथियन डोंगरातलं. तो मुलूख तेव्हा चेकोस्लोव्हाकियात होता, आज युक्रेनमध्ये आहे. घरी बायको पोलाना, मुलगी हाफिया आणि मान्या नावाचा तरणाताठा गडी. बायको आता आपली राहिलेली नाही, हे सगळ्या गावाला दिसतं. होर्दुबलला ते दिसतं की नाही, हे शेवटपर्यंत सांगता येत नाही. मग त्याचा खून होतो. पहिला भाग त्याच्या मनातून चालतो, दुसरा पोलीस तपासाचा आणि तिसरा कोर्टाचा. बातमीत छापून आलेल्या एका खऱ्या खटल्यावरून चापेकला ही गोष्ट सुचली.

मी हे तिन्ही भाग एकाच मराठीत लिहिले होते. स्वच्छ, ओघवत्या, एकसारख्या मराठीत. तुम्ही लाल पेन घेतलंत आणि सर्वांत आधी ‘नोकर’ हा शब्द खोडलात. “मान्या हा नोकर नव्हे, सालगडी. नोकराला पगार असतो. सालगड्याला घरात ताट असतं, गोठ्यात बाज असते, आणि म्हणूनच तर हे सगळं घडतं.” चार अक्षरांत तुम्ही मला त्या घराची रचना दाखवलीत. मग पोलानाच्या तोंडी मी घातलेलं ‘अहो’ गेलं आणि ‘धनी’ आलं, कारण तिकडे ती त्याला घरधनी या अर्थाच्या शब्दानं हाक मारते. त्या हाकेत मान आहे आणि त्याच मानात अंतरही आहे, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. मान्या हे नाव आपल्याकडे कसं ऐकू येतं हे मी काढल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, की ते त्याचं नाव आहे, आपण कोण बदलणार.

दुसऱ्या भागाशी आलो तेव्हा तुम्ही कपाटातून एका जुन्या पंचनाम्याची नक्कल काढलीत. तुमच्या वडिलांच्या शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीची. “सदर इसम”, “समक्ष”, “पंचांना दाखविले”. म्हणालात, “हे मोठ्यानं वाच आणि मग होर्दुबलच्या घरात पोलीस येतात ते पान वाच.” मी वाचलं आणि अंगावर काटा आला. ज्या पोलानाला तो शंभर पानं सरळ, उंच, राणीसारखी बघत आला, ती पोलिसांना एक हाडकुळी, उतरलेली बाई दिसते. बाई तीच, तिला बघणारे बदलले. भाषा एकच ठेवली तर हा बदल वाचकाला ‘माहिती’ म्हणून कळतो. भाषा बदलली तर तो त्याला लागतो. पहिल्या भागात होर्दुबल मृत्युपत्रात सगळं बायकोच्या नावे करतो, तिच्या प्रेमाबद्दल आणि निष्ठेबद्दल. तिसऱ्या भागात तोच कागद कोर्टात पुरावा म्हणून वाचला जातो. त्या जागी ‘मयत’ हा शब्द तुम्ही मला घालायला लावलात. होर्दुबलला मयत म्हणताना माझा हात थरथरला होता, काका.

एका शनिवारी मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, हा तर आपला अनेकांतवादच! हत्ती आणि आंधळे! तुम्ही नाही म्हणाला नाहीत, पण थांबवलंत. “साम्य बघून खूश हो, पण चापेक तिथं कुठून पोचला ते आधी बघ.” मग पुढचे चार शनिवार तुम्ही कादंबरीला हातच लावू दिला नाहीत. चापेक मुळात तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, 1915 साली प्रागच्या विद्यापीठात त्यानं डॉक्टरेट मिळवली, सौंदर्यशास्त्र आणि चित्रकला-शिल्पकला या विषयात. 1918 साली त्यानं व्यवहारवादावर, म्हणजे अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स आणि मंडळींच्या विचारांवर, एक पुस्तिका लिहिली. सत्य आकाशातून उतरत नाही, माणसाच्या जगण्यात त्याचा कस लागतो, हा विचार त्याला पहिल्या महायुद्धाच्या काळात भेटला. एकेका ‘परम सत्या’साठी लाखो माणसं मरत होती तेव्हा. तरुण चापेकला वाटलं, प्रत्येकाचं सत्य वेगळं आणि प्रत्येकाला आपलं सत्य असण्याचा हक्क आहे. तुम्ही म्हणालात, “इथं थांबला असता तर तो फक्त भला माणूस झाला असता. तो थांबला नाही.” प्रत्येकाचं सत्य वेगळं मान्य केलं, तर होर्दुबलच्या वाटेला काय आलं? त्याचं सत्य जाणणारा एकही माणूस कोर्टात नाही. चार लोकांच्या चार नजरा म्हणजे उदारपणा, हे मी गृहीत धरलं होतं. या कादंबरीत त्या नजरा एका मेलेल्या माणसाला आणखी एकटं करतात. हे तुम्ही दाखवलं नसतंत तर मी गुळगुळीत प्रस्तावना लिहून मोकळी झाले असते.

आणि म्हणूनच तुम्ही मला पुढची दोन पुस्तकं वाचून झाल्याशिवाय हे पूर्ण करू दिलं नाहीत. तुम्ही चेकमधून वाचायचं, तिथल्या तिथं मराठीत सांगायचं आणि मी वहीत उतरवायचं. ‘पोवेत्रोन्’, म्हणजे उल्का, 1934 ची. त्यात विमान कोसळून जखमी झालेला, पट्ट्यांत गुंडाळलेला बेनाव माणूस आहे, आणि त्याच्या आयुष्याची गोष्ट तिघं आपापल्या परीनं रचतात: एक सेवाभावी जोगीण, एक अतींद्रिय दृष्टीचा माणूस आणि एक कवी. त्याच वर्षीच्या ‘सामान्य जीवन’मध्ये रेल्वेतला एक निवृत्त अधिकारी आपलं साधंसरळ चरित्र लिहायला बसतो आणि लिहिता लिहिता त्याला आपल्याच आत गर्दी सापडते: सुखी सामान्य माणूस, कोपर मारून पुढं घुसणारा, दुखणी कुरवाळणारा, कवी, भिकारी. माझ्यात इतके जण आहेत म्हणूनच मला दुसरा कळू शकतो, इथं चापेक येऊन पोचतो. होर्दुबलचं एकटेपण त्याला उत्तर मागत राहिलं आणि दोन कादंबऱ्यांनंतर ते त्याला मिळालं, असं तुमचं म्हणणं. मला अजून वाटतं की होर्दुबलचा प्रश्न त्या उत्तरापेक्षा मोठा आहे. यावर आपलं भांडण मिटलेलं नाही आणि मिटू नये.

चित्रांचं मी विसरलेली नाही. प्रागच्या त्सेलेत्ना रस्त्यावर ‘काळ्या मॅडोनाचं घर’ आहे, योसेफ गोचारनं 1911-12 मध्ये बांधलेलं. तुमच्याकडे त्याचा एक पिवळा पडलेला फोटो आहे. खिडक्या सपाट नाहीत, घडी घातल्यासारख्या कोनात पुढं आलेल्या. क्युबिझम, म्हणजे एकच वस्तू अनेक कोनांतून एकदम दाखवणारी शैली, फ्रान्समध्ये कॅनव्हासवर होता, चेक लोकांनी त्याची घरं बांधली, दिव्याचे खांब केले, खुर्च्या केल्या, हे मला तुमच्याकडून पहिल्यांदा कळलं. चापेक बंधू त्याच मंडळींतले. थोरला योसेफ स्वतः क्युबिस्ट चित्रकार. पण कादंबरीतले तीन कोन म्हणजे क्युबिझमच, असं मी लिहिलेलं वाक्य तुम्ही खोडलंत. मध्ये वीस वर्षं गेली, एक युद्ध गेलं, एवढी सरळ रेघ ओढू नकोस, म्हणालात. डोळ्याला लागलेली सवय म्हण, पुरावा म्हणू नकोस. ते वाक्य मी तसंच ठेवलं आहे.

योसेफचीच ती ‘रोबोट’ची गोष्ट. कारेल नाटकाची कल्पना घेऊन आला, कृत्रिम कामगारांना काय म्हणावं ते सुचेना, आणि तोंडात कुंचला धरून चित्र काढणाऱ्या भावानं पुटपुटत शब्द दिला. नाटक 1920 चं, शब्द जगभर गेला. तुम्ही तो मराठीत आणलात: “रोबोता म्हणजे वेठ. रोबोट म्हणजे वेठबिगार.” आमच्या दहावीच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली. वेठ हा शब्द त्यांना इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक होता.

तुम्ही मला मोठ्यानं वाचायला का लावता हे बरेच दिवस कळत नव्हतं. मग तुम्ही मुकारझोव्हस्कीचं सांगितलंत. 1926 साली प्रागमध्ये भाषा अभ्यासणाऱ्यांचं जे मंडळ सुरू झालं, त्यातला हा सौंदर्यमीमांसक. चापेक गेल्यावर, 1939 मध्ये, त्यानं चापेकच्या गद्याकडे सुरावट आणि संवाद म्हणून पाहणारा निबंध लिहिला. वाक्याचा अर्थ सांभाळशील, पण चढउतार गेला तर चापेक गेला, हे तुम्ही बोलून आणि वाचून दाखवलंत. होर्दुबल पोलानाशी मनातल्या मनात बोलतो ती पानं तुम्ही चेकमध्ये वाचायचात. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण तो कुठं थबकतो, कुठं स्वतःलाच समजावतो, ते कळायचं. माझ्या वहीत त्या पानांवर शब्द नाहीत, नुसत्या वर-खाली रेघा आहेत. त्या रेघांवरून मी मराठी लिहिलं.

आणखी किती! फ्रेंच कवी अपोलिनेरची ‘झोन’ ही कविता चापेकनं चेकमध्ये आणली आणि पुढची सगळी तरुण कवींची पिढी तिच्या लयीवर वाढली. प्रागच्या ज्यू वस्तीतल्या उलट्या काट्यांच्या घड्याळाचा उल्लेख त्या कवितेत आहे, आणि तुम्ही ते घड्याळ पाहिलं आहे. नेझ्वल, साइफर्त, ताइगे ही त्या पिढीतली नावं तुमच्या तोंडून शेजारच्या गल्लीतल्या मुलांसारखी यायची. ‘चेक साहित्य म्हणजे काफ्का’ या माझ्या समजुतीवर तुम्ही रागावला नाहीत. काफ्का प्रागचा, लिहायचा जर्मनमध्ये, पण 1920 साली मिलेना येसेन्स्कानं त्याची गोष्ट चेकमध्ये नेली, तेव्हा दार दोन्ही बाजूंनी उघडं होतं, इतकंच म्हणालात.

तुमच्या प्रतीबद्दल लिहायलाच हवं. तिन्ही कादंबऱ्या एकत्र बांधलेलं ते पुस्तक तुम्हाला ब्रनोतल्या घरमालकीणबाईंनी निघताना दिलं. त्यांच्या घरी चापेक ज्यात लिहायचा ते वर्तमानपत्र येत असे. 1938 च्या नाताळच्या दिवशी तो गेला तेव्हा त्यांच्या वडिलांनी ती बातमी कापून ठेवली होती. तीन महिन्यांनी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि गेस्टापो, म्हणजे नाझींची गुप्त पोलीस, त्याला पकडायला घरी आली. तो मेला आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. योसेफ मात्र त्यांच्या हाती लागला आणि 1945 साली बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत संपला. हे सांगताना तुम्ही पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं होतं आणि त्याच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत होता. ते पुस्तक तुम्ही मला आठ महिने घरी नेऊ दिलंत.

राहिलं शेवटचं वाक्य. शवविच्छेदनात काढून तपासणीला पाठवलेलं होर्दुबलचं हृदय कुठंतरी हरवतं आणि कधीच पुरलं जात नाही, एवढंच ते वाक्य. मी अभिमानानं लिहिलं होतं, “त्याला मूठमाती मिळाली नाही.” तुम्ही मूठमाती काढलीत. तिथं टाळी पडेल, म्हणालात, आणि टाळी पडता कामा नये. मग ‘हृदय’ की ‘काळीज’ यावर आपले तीन आठवडे गेले. डॉक्टर काळीज काढत नाहीत, हृदय काढतात, हा माझा मुद्दा. तुम्हीही तो मान्य केला होता. आणि एका रात्री दहाच्या पुढं तुमचा फोन आला. तुम्हाला खोकला लागला होता, आवाज बसला होता. “हे बघ, ते वाक्य पोलिसांचं नाही, डॉक्टरचं नाही, कोर्टाचंही नाही. सगळे उठून गेल्यावरचं आहे. तिथं काळीज लिही.”

रविवारी मी तेच वाचलं. युराय होर्दुबलचं काळीज कुठंतरी हरवलं आणि ते कधी पुरलं गेलं नाही.

काका, तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, नाव छापू दिलं नाहीत, आणि पायरीपर्यंत सोडायला यायचं कधी चुकवलं नाहीत. माझ्या हातून जे काही बरं मराठी उतरलं, त्यात तुमची लाल शाई आहे, आणि त्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

शनिवारी येते. ‘उल्का’चं पहिलं प्रकरण लिहून झालं आहे. जोगिणीची बोली अजून सापडलेली नाही, तेवढी मोठ्यानं वाचून दाखवा. काकूंना सांगा, चहाला मी थांबणार आहे.

तुमची,
वही घेऊन येणारी