रिसॉर्ट रिकामं, तरी गोंयकाराला गेट बंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काणकोणच्या बाजूला समुद्रावर जी टाइमशेअर (म्हणजे वर्षानुवर्षांची मेंबरशिप घेऊन दरवर्षी ठराविक दिवस राहायचं अशी) रिसॉर्टं आहेत त्यांच्याकडे लोकल माणूस फिरकत नाही, अशी तक्रार मी दोन-तीनदा ऐकली, एकदा तर तिथल्याच एका मॅनेजरच्या तोंडून, म्हणून हे पत्र.

28 नोव्हेंबर 2025 ला काणकोणच्या पर्तगाळी मठात श्रीरामाच्या 77 फुटी मूर्तीचं अनावरण झालं तेव्हापासून आईने घोशा लावला होता, शेवटी डिसेंबरातल्या एका रविवारी फोंड्याहून निघालो. मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी, मग करमल घाट, घाटात धाकट्याला एकदा उलटी. दर्शन करून बाहेर पडेपर्यंत दोन वाजले. बायको म्हणाली एवढं आलोय तर समुद्रावर जेवूया, म्हणून गालजीबागच्या पुढे बारीक रस्त्याने एका रिसॉर्टपर्यंत गेलो. वॉचमनने आधी गाडीचा जीए-05 हा फोंड्याचा नंबर बघितला, मग आमच्याकडे, आणि म्हणाला ‘ओन्ली मेंबर’. आत पार्किंगमध्ये मोजून दोन गाड्या. बोर्डावरच्या नंबरला फोन लावला तर तिकडची मुलगी म्हणते, सर, मेंबरशिप घ्या ना, आज ऑफर आहे! आम्हाला हवं होतं जेवण. शेवटी चावडीवर, म्हणजे काणकोणच्या बाजारात, परत येऊन एका हॉटेलात मिक्स भाजी, पाव आणि मिरची भजी खाल्ली, आणि खरं सांगायचं तर मस्त होती.

ते रिसॉर्ट आतून कसं आहे ते मला माहीत होतं, कारण त्याच वर्षी जुलैत मेव्हण्याबरोबर तिथे राहून आलो होतो. मेव्हणा ठाण्याचा. मॉलमध्ये लकी ड्रॉची चिठ्ठी टाकली, मग जोडीने या म्हणून फोन आला, तीन तास प्रेझेंटेशन ऐकलं आणि 25 वर्षांची मेंबरशिप घेऊन घरी आला. वर्षाला एक आठवडा मिळतो, आणि या ना या, मेंटेनन्स भरायचाच. नाताळातला आठवडा त्याला कधीच मिळत नाही, मिळतो तो पावसातला. आम्ही गेलो तेव्हा अख्ख्या रिसॉर्टमध्ये पाच फॅमिली, पूलवर एकटा लाइफगार्ड छत्री घेऊन बसलेला, आणि संध्याकाळी बुफेत पनीर बटर मसाला नि फिश फिंगर. जून-जुलैत मासेमारी बंद असते हे मान्य, पण त्याच दिवसांत आमच्या घरी सुक्या बांगड्याची किसमूर आणि सोलकढी असते की, ती कोणी विचारत नाही. किचनमधला पोऱ्या जवळच्याच लोलये गावचा, त्याला म्हटलं तू घरी काय जेवलास, तर म्हणाला खारें (सुकी मासळी) आणि पेज. आम्ही सगळे त्याच्याकडे बघतच राहिलो!

आता मुद्दा. गोंयकाराला 25 वर्षांचं काही विकायला जाऊ नका. त्याचं गावात घर आहे, चतुर्थीला तो तिथेच जाणार, आणि घर दोन तासांवर असताना एका रात्रीला आठ हजार देताना त्याचा हात खिशातच अडकतो. त्याला हवा असतो एक दिवस. आणि हा माणूस तुमच्या दारावरून आधीच जातोय, त्याला आणायला जाहिरात नको, कोणी पर्तगाळीला येतो, कोणी श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाला, पावसात पोरं बामणबुडोच्या धबधब्यावर, कोणी खोतीगाव अभयारण्यात, आणि सगळे अंधार पडायच्या आत घाट उतरायला बघतात कारण मधे बसायला जागाच नाही. त्यांना दुपारचं जेवण, पोरांना पूल, म्हाताऱ्यांना पडायला एक खोली चार तास, एवढं द्या, माणशी ठराविक दर लावून. श्रावणात शिंवराक (शाकाहारी) थाळी ठेवा, नागपंचमीला पातोळ्यो, खतखतें. गावच्या बायकांचा बचत गट असेल तर त्यांना सांगा, शेफपेक्षा बरं करतील. जेवून आवडलं की तोच माणूस बापाची साठी नाहीतर दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर तिथे करेल, तेव्हा मग खोल्या जातील. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी रिसॉर्टची व्हॅन (ती बहुतेक वेळ उभीच असते) रविवारी चावडीच्या बसस्टँडवरून दोन फेऱ्या मारू शकते.

मेंबर कुरकुरतील, आम्ही पैसे भरले आणि पूलमध्ये भलतेच. म्हणून नाताळ ते न्यू इयर डे-पास बंद ठेवा, हरकत नाही. पण जून ते सप्टेंबर जो मेंबर येणार नाही त्याचा आठवडा लोकलला भाड्याने देऊन थोडी रक्कम त्याच्या मेंटेनन्स बिलातून कमी केली तर माझा मेव्हणा तरी नाचेल.

आणि हो, गोव्याचं आधार कार्ड बघून रिसेप्शनवाल्यांचा चेहरा का पडतो तेही मला कळतं. आपलीच काही पोरं बाटल्या, स्पीकर घेऊन येतात आणि काचा वाळूत टाकून जातात, त्यात गालजीबाग म्हणजे कासवांची जागा, तिथे रात्रीचा उजेड आणि धांगडधिंगा नकोच. मग डिपॉझिट घ्या, स्पीकर गेटवर ठेवून घ्या, सहाला बाहेर काढा. पण त्यापायी आमच्या आईला गेटवरून परत पाठवू नका.

तूर्त काही नाही जमलं तरी गेटवर मराठी-कोंकणीत एक बोर्ड लावा: जेवण मिळेल, दर इतका, वेळ इतकी.

आपला,
एक वाचक, फोंडा