बाराव्या दिवशीचा फोन

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. सर्जरी वॉर्डात जखमींच्या अभ्यासाची निळ्या कव्हरची फाइल काखेत घेऊन खाटेखाटेजवळ थांबणाऱ्या ताई, एवढ्यावरून तुम्ही स्वतःला ओळखाल. मी बैलाचं शिंग लागलेल्या बाबांची मुलगी. आमच्या घरचे सगळे तुमचे आभार मानायचे म्हणतात, पण फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

डवरणीचे दिवस होते. बाबा जू ठेवत होते, बैल बिचकला आणि मान झटकताना शिंग डाव्या कुशीत गेलं. बाहेरून जखम बोटभर दिसत होती. आईने पदर दाबून धरला आणि शेजारच्या ऑटोत टाकून तालुक्याला नेलं. तिथे पोटावर पट्टी झाली, सलाईन लागलं आणि मग कागद, सही, चिठ्ठी यांत पाऊण तास गेला. एवढा वेळ कशात गेला हे आईला आजही कळलेलं नाही. तिथून १०८ मध्ये जिल्ह्याच्या मेडिकलला आणलं. मी शाळेतून तशीच निघाले आणि गाडीच्या मागोमाग पोचले.

तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात त्या कॅज्युअल्टीत, आणि खरं सांगते, तेव्हा तुमचा राग आला होता. बाबा कण्हतायत, सिस्टर धावतायत आणि तुम्ही आईला विचारताय, "काकू, शिंग किती वाजता लागलं?" आई म्हणाली, "सकाळच्या पारी लागलं जी, घड्याळ कोण पायते?" तुम्ही ते उत्तर लिहून पुढे गेला नाहीत. तिच्याजवळ बसलात. लालपरी गेली होती का? नाल्यापलीकडे होती की अलीकडे? शाळेची पोरं निघाली होती का? आई आठवत गेली आणि म्हणाली, एसटी नाल्यावर हॉर्न वाजवत होती तेव्हाच बैल उधळला. एसटी नाल्यावर येते सव्वानऊला. बाबा मेडिकलला पोचले अकरा पन्नासला. तुम्ही मोठ्याने म्हणालात, "दोन तास पस्तीस मिनिटं." शेजारच्या डॉक्टरांनी ते ऐकलं, मान हलवली आणि सिस्टरना एक इंजेक्शन भरायला सांगितलं.

त्या इंजेक्शनचं मी नंतर तुम्हालाच विचारलं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, रक्तस्राव कमी करणारं औषध. २०१० साली ४० देशांतल्या २७४ हॉस्पिटलांमधल्या २० हजारांहून जास्त जखमींवरचा 'क्रॅश-२' नावाचा अभ्यास छापून आला. ज्यांना हे औषध दिलं त्यांच्यात मृत्यू १४.५ टक्के, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात १६ टक्के. त्याच अभ्यासातून पुढे हेही दिसलं, की औषध मार लागल्यापासून तीन तासांच्या आत द्यायला हवं; त्यानंतर फायदा तर नाहीच, उलट अपाय होऊ शकतो. बाबा त्या इंजेक्शननेच वाचले असं मी म्हणणार नाही. पोट उघडून आतड्याची दोन छिद्रं शिवणारे डॉक्टर होते, रक्त देणारे माझ्या शाळेतले दोन शिक्षक होते. पण जिला घड्याळ वाचता येत नाही त्या माझ्या आईकडून तुम्ही वेळ काढून घेतली, ती एसटीच्या हॉर्नवरून. मी चौदा वर्षं शिकवते आहे. प्रश्न असा विचारता यायला हवा, असं मला त्या दिवशी वाटलं.

संमतीचं तर आमच्या गावात अजून लोक बोलतात. ऑपरेशनच्या दिवशी, बाबांची माहिती अभ्यासासाठी लिहून ठेवू का असं विचारणारा कागद तुम्ही आईला वाचून दाखवलात, आमच्या बोलीत. नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही, हे दोनदा सांगितलंत. आईने अंगठा दिला. मला वाटलं काम झालं. पण चौथ्या दिवशी बाबा उठून बसले तेव्हा तुम्ही पुन्हा आलात. बाबांना म्हणालात, सही काकूंनी केली होती, पण शरीर तुमचं आहे, तुम्ही सांगा, माहिती ठेवू की काढून टाकू? बाबा कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. तुम्ही गेल्यावर मला म्हणाले, "माह्याच पोटाचं मलेच इचारून लिवते व ते पोरगी." सातबाऱ्यापासून पीकविम्यापर्यंत बाबांनी आजवर शंभर कागदांवर अंगठे दिले असतील. त्यांची परवानगी मागायला दुसऱ्यांदा कुणी आल्याचं त्यांना आठवत नाही.

आता त्या फोनबद्दल.

नवव्या दिवशी सुट्टी झाली. बाराव्या दिवशी टाके काढायला बोलावलं होतं. त्या दिवशी नाल्याला पूर होता, एसटी बंद. बाबा म्हणाले, "मले काई झालं नाही, बरं हाय. दोन दिसानं जाऊ." आम्हीही ऐकलं. दुपारी चारच्या सुमारास तुमचा फोन आला. बाबा ओपीडीत दिसले नाहीत म्हणून केला, म्हणालात. मी सांगितलं, बरं आहे.

आमच्याकडे 'बरं आहे' हे कोणालाही द्यायचं उत्तर आहे. पाहुण्याला, तलाठ्याला, डॉक्टरला. घरात दाणा नसला तरी बरंच असतं. तुम्ही इथल्याच आहात, तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत, ताप? नाही. पट्टी ओली होते? नाही. वास? नाही. मग क्षणभर थांबून म्हणालात, "मॅडम, त्यांची बनियन बघून येता का? अंगातली नको, काल घातलेली."

मी फोन हातात घेऊनच न्हाणीकडे गेले. बनियन दोरीवर नव्हती. न्हाणीच्या दगडामागे पिळून ठेवलेली सापडली. उलगडली तर डाव्या बाजूला तळहाताएवढा पिवळट डाग, मधोमध कडक झालेला, आणि वास. बाबा तीन रात्री आपली बनियन आपणच धूत होते. फवारणीचे दिवस, माझी रजा संपलेली, पुन्हा दवाखाना म्हणजे पुन्हा पैसे, हे सगळं मनात धरून ते गप्प होते. मी त्यांच्यावर ओरडले. ते भिंतीकडे तोंड करून बसले. तुम्ही फोनवर थांबून होतात. एवढंच म्हणालात, "त्यांना रागावू नका. उद्या सकाळी आठला आणा, मी दारात असते."

आणि तुम्ही होतात. खालचे तीन टाके काढल्यावर पू आला. नमुना तपासणीला गेला, औषध बदललं, जखम उघडी ठेवून रोज आतून ड्रेसिंग सुरू झालं. आतला थर शाबूत होता. आणखी चार दिवस गेले असते तर तो सुटून पोट पुन्हा उघडावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. जखम खालून वर भरत यायला अठरा दिवस लागले. रोज सकाळी मी ती बघत होते. आधी राखाडी, मग डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. तो लाल रंग पहिल्यांदा दिसला तेव्हा तुम्ही माझ्या मागे उभ्या होतात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात.

त्याच दिवसांत व्हरांड्यात मी विचारलं होतं, एवढं सगळं लिहून होतं काय? तुम्ही 'चीता' नावाच्या अभ्यासाचं सांगितलंत. भारतासह सात देश, ८१ हॉस्पिटलं, १३ हजारांहून जास्त रुग्ण. पोट शिवण्याआधी हातमोजे बदलायचे आणि हत्यारं नवी घ्यायची, बस. जखमेचा संसर्ग शंभरात जवळपास १९ जणांना होत होता, तो १६ जणांवर आला. २०२२ मध्ये ते छापून आलं. मी म्हणाले, तीनच? तुम्ही वॉर्डाकडे हात केलात. तीन खाटा मोजल्या. दुसऱ्या खाटेवर बाबा होते.

आणि हे तीन कळतात ते कोणीतरी तिसाव्या दिवसापर्यंत पाठ सोडत नाही म्हणून. जखमेचा संसर्ग धरायचा तर ऑपरेशनपासून ३० दिवस बघायचे असा नियम आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. सुट्टीच्या दिवशी फाइल मिटली असती तर बाबा कागदावर बरे होऊन घरी गेलेले रुग्ण ठरले असते. खूप वाचत बसले तेव्हा हेही समजलं, की आपल्या देशातल्या अपघाती जखमींची एक मोठी नोंद २०१३ ते २०१५ मध्ये झाली, मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या चार सरकारी हॉस्पिटलांत, १६ हजारांच्या आसपास रुग्णांची. मोलाचं काम आहे ते. पण त्यात पूर आलेला नाला नाही, जू नाही, ऑटोत पदर दाबून बसलेली आई नाही. आमच्या भागात माणूस कशाने जखमी होतो, कुठे अडकतो आणि घरी गेल्यावर त्याचं काय होतं, हे कोणी इथे बसून लिहिल्याशिवाय कोणाला कळणार? तुम्ही ते लिहिताय, कमी पगारात, ज्या वॉर्डात बसायला धड खुर्ची नाही तिथे उभ्याने.

तिसाव्या दिवशी तुमचा ठरलेला फोन आला. सगळं तुमच्या डोळ्यांसमोर घडलेलं, तरी तुम्ही एकेक प्रश्न पुन्हा विचारलात. जखमेतून पू आला होता का? फोन स्पीकरवर होता. मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "आला होता जी. म्या लपवला होता. तसंच लिवा."

बाबा आता बरे आहेत, यावेळी खरोखर. वजन उचलत नाहीत, पोटाला पट्टा बांधतात. तो बैल विकला नाही; बाबा म्हणतात चूक त्याची नव्हती. कापसाची पहिली वेचणी झाली तेव्हा ते बांधावर बसून होते.

सहा महिन्यांनी पुन्हा एकदा विचाराल, असं म्हणाला होतात. आईचा फोन नाल्यात पडला आणि तो नंबर बंद झाला आहे. फाइलमध्ये माझा नंबर दुसरा म्हणून लिहिलेला असेल, तो पहिला करून घ्या. दुपारी साडेबारा ते एक मधली सुट्टी असते, तेव्हा केलात तर बाबांनाही बोलता येईल. त्या वेळी ते शाळेत माझा डबा घेऊन येतात.

तुमची,
बैलवाल्या बाबांची मुलगी