डोक्यातली यादी कागदावर

ठाणे,
रविवार, दुपार

प्रिय नीलू,

रात्री एक चाळीसला टाकलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. फोन केला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची हाक आणि दर दोन मिनिटांनी ‘थांब गं, बेल वाजली’. म्हणून लिहितेय. ऑफिसला जाताना लोकलमध्ये डोंबिवली ते ठाणे निम्मं होईल, उरलेलं परतीला वाच.

‘कामं सगळ्यांनाच असतात, मीच कमी पडतेय’ असं तू लिहिलंयस. त्याच मेसेजमध्ये पुढे काय काय आलंय ते मी मोजलं. सासूबाईंचे डायपर संपत आलेत, त्यांना सांभाळणारी ब्यूरोची बाई शुक्रवारी सुट्टी मागतेय, फिजिओला गुरुवारऐवजी बुधवारी बोलवायचंय, मिहिरची प्रिलिम, विम्याचे कागद, ऑफिसातलं क्लोजिंग, गॅसचा नंबर लावायचाय, आणि संजयच्या मावशीला फोन करायचा राहिलाय. आठ झाल्या. क्लोजिंग आणि प्रिलिम सोडली तर यातल्या एकाही कामाला सलग अर्धा तास लागत नाही. तुला दमवतंय ते ही आठही कामं दिवसरात्र एकटीने ध्यानात धरणं.

ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये घरकामाच्या या न दिसणाऱ्या भागाचे चार तुकडे पाडून दाखवले. काय लागणार याची आधी चाहूल घ्यायची, पर्याय शोधायचे, ठरवायचं, आणि झालं की नाही यावर नजर ठेवायची. ठरवताना बहुतेक घरांत दोघंही असतात. पण चाहूल आणि नजर ही दोन टोकं बाईकडेच जास्त राहतात, असं त्यांना दिसलं. तू म्हणतेस ‘संजय सांगितलं की करतो’. खरंच करतो, मी पाहिलंय. पण ते ‘सांगणं’ हेच अर्धं काम आहे, आणि ते तुझ्याकडेच राहतं.

तेव्हा आधी वही. मोबाइलमधलं ॲप नको. ते उघडलं की व्हॉट्सॲप दिसतं आणि वीस मिनिटं गेली. साधी शंभर पानी वही घे. रविवारी पंचवीस मिनिटं दार लावून बस आणि डोक्यात असेल ते सगळं उतरव, क्रम लावू नकोस. पन्नास-साठ ओळी निघाल्या तरी घाबरू नकोस, त्या आत होत्याच. एकच अट, प्रत्येक ओळीत क्रिया पाहिजे. ‘विमा’ असं लिहिलंस तर ते काम होत नाही, ती नुसती टोचणी राहते. ‘डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स काढून एजंटला पाठवायची’ हे काम झालं. मग प्रत्येक ओळीसमोर दोनच गोष्टी लिही: कोण, आणि कधी. ज्या ओळीसमोर दोन्ही लिहिता येत नाही, ती या महिन्यात तुझ्या हातातली नाही. ती शेवटच्या पानावर टाक.

हे नुसतं टापटिपीसाठी नाही. अर्धवट राहिलेलं काम मनात पुन्हापुन्हा डोकं वर काढतं. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये यावर प्रयोग केले, ते १९२७ साली छापून आले. पण खरी कामाची गोष्ट बरीच नंतर, २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवली: ती टोचणी थांबायला काम पुरं व्हावंच लागत नाही, ते कधी आणि कसं करायचं एवढं नेमकं ठरलं तरी मन ते बरंचसं सोडून देतं. २०१८ मध्ये अमेरिकेत आणखी एक प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणारे लोक, झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. सत्तावन्न जणांचाच प्रयोग, फार मोठा नाही. पण पाच मिनिटांच्या बदल्यात नऊ मिळत असतील तर तुझ्यासारख्या अकाउंट्सवालीने नाही म्हणू नये.

यात बिघडतं कुठे? बायका यादी करतात आणि रोज तीसच्या तीस कामं ‘आज’मध्ये घालतात. रात्री चार झालेली असतात, सव्वीस राहिलेली, आणि यादीच नवी सासू होते. रोजची तीनच घे. चौथं झालं तर बोनस समज.

दुसरी गोष्ट वाटणीची. ‘मदत कर’ हा शब्द काढून टाक आणि एक आख्खं खातं दे. संजयला ‘डायपर आण’ म्हणायचं नाही. डायपर, अंडरपॅड, वाइप्स, हातमोजे हे खातं त्याचं: किती उरलेत ते त्याने मोजायचं, संपायच्या आत त्यानेच आणायचं, साइज चुकली तर बदलूनही त्यानेच आणायची. औषधांपासून मात्र सुरुवात करू नकोस, तिथली चूक परवडत नाही. अशी खाती दे जिथे चुकलं तर गैरसोय होईल, अपाय होणार नाही. पहिले दोन-तीन आठवडे चुकणारच. एक दिवस रात्री दहाला डायपर नसेल. त्या क्षणी तू कपाटामागे लपवलेलं जास्तीचं पाकीट काढलंस की खातं तुझ्याकडे परत आलं म्हणून समज. पाकीट ठेवूच नकोस. मेडिकलवाला रात्रीही असतो, संजयला चालत जाऊ दे. आठवड्यातून एकदाच, रविवारी संध्याकाळी, दोघांनी वही घेऊन दहा मिनिटं बसायचं. मधल्या काळात ‘आणलं का?’ विचारायचं नाही. तुला हे सगळ्यात कठीण जाईल.

मिहिर पंधराचा आहे. गॅस, लाइट बिल आणि पाण्याचे कॅन ही खाती त्याला दे. दहावी आहे म्हणून त्याला काचेच्या कपाटात ठेवायची गरज नाही.

ब्यूरोशी एकदा नीट बोलून घे. बाई सुट्टीवर गेली तर बदली बाई देणार का, किती तास आधी कळवणार, हे मेसेजवर लेखी घे. रोजचं वेळापत्रक फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटव, म्हणजे बदलीला आलेल्या बाईला ऑफिसातून तुला शिकवत बसावं लागणार नाही.

आता रात्र. तू दर दोन तासांनी उठून आईंची, म्हणजे सासूबाईंची, कूस बदलतेस. सल्ला बरोबर आहे, दाबाने जखम होऊ नये म्हणून दोन तासांचंच अंतर सांगतात. पण हवेची गादी घातली असेल आणि कातडी चांगली असेल तर रात्रीचं अंतर थोडं वाढवता येतं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही. पूर्ण कुशीवर वळवण्यापेक्षा पाठीमागे उशी देऊन साधारण तीस अंश कलतं ठेवलं तर खुब्यावर भार येत नाही. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज बघायच्या. बोटाने दाबून सोडल्यावरही लाली पांढरी पडत नसेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. आणि रात्र वाटून घ्या. दहा ते दोन एक जण, दोन ते सहा दुसरा, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपायचं. सलग चार तासांची झोप ही चार ठिकाणी तुटलेल्या सहा तासांपेक्षा बरी. बाळंतपणात आपण हे शिकलो होतो, विसरलो.

चहा. तू रागावशील, पण ऑफिसातला पाचचा आणि घरी आल्यावरचा साडेसातचा, हे दोन कप तुला जागं ठेवतायत. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे साडेसातच्या चहातलं निम्मं रात्री साडेबाराला अंगात असतं. शेवटचा चहा दोन-अडीचला घे. एकदम सगळा सोडू नकोस, दोन दिवस डोकं ठणकेल आणि तू मला शिव्या देशील. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी कर.

छातीत धडधडतं आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये श्वास अडकल्यासारखा होतो म्हणालीस, त्यासाठी श्वासाचा एक साधा प्रकार आहे. नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपसूक मंदावतात, म्हणून बाहेरचा भाग लांब. चुकतं ते इथे: ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की माणसं खांदे उचलून छाती फुगवतात, भराभरा घेतात, मग चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. मग वाटतं, अटॅकच आला. म्हणून हात पोटावर ठेव, खांदे हलता कामा नयेत, आणि श्वास मोठा नको, हळू हवा. धडधड सुरू झाल्यावर पहिल्यांदा करून बघू नकोस. रोज मुलुंड ते घाटकोपर सराव कर, चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली असलीस तरी चालतं. हाताला जमलेलं असेल तरच अडचणीला कामाला येतं.

तरी एक सांगते. धडधड जिना चढताना वाढत असेल, छातीत दुखून हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, तर ते टेन्शन म्हणून सोडून द्यायचं नाही, तडक इसीजी काढायचा. आणि एरवीही एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच आणि बी-१२ तपासून घे. यातलं काहीही बिघडलं तर थकवा आणि चिडचिड अगदी ताणासारखीच दिसते. आपण सत्तेचाळीसच्या आहोत, पाळी मागेपुढे होतेय. झोपेतून घामाघूम होऊन उठणं हे त्याचंही असू शकतं. वहीने टीएसएच सुधारत नाही.

काळजी करायचीच आहे ना? मग वेळ ठरवून कर. मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८० च्या दशकात हे तंत्र तपासलं. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी. एरवी मनात आली की एका शब्दात टिपायची आणि ‘सहा वाजता’ म्हणून पुढे ढकलायची. तुझ्यासाठी परतीची गाडी उत्तम जागा आहे, दादर ते ठाणे. पलंग ही जागा नाही. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर अंथरुणातून ऊठ, बाहेर मंद दिव्यात बस, पेंग आली की परत जा. घड्याळ बघायचं नाही.

आणि तुझा तो ‘च’. ‘मीच करायला हवं’, ‘आईंना जराही त्रास होताच कामा नये’, ‘सगळं वेळेवर झालंच पाहिजे’. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा सगळा रोख या हट्टावर आहे. इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्द लागतो, आपल्याकडे एका अक्षरात काम होतं. वाक्यातला ‘च’ खोडून बघ: ‘आईंना त्रास होऊ नये असं मला वाटतं, आणि कधीकधी होईल.’ ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे, आणि त्यावर रात्री झोप लागू शकते.

साहेबांना ‘मला फार होतंय’ असं सांगू नकोस, त्यावर ‘सगळ्यांनाच होतंय’ हे उत्तर तयार असतं. हातातली तीन कामं मेलवर लिहून विचार, ‘शुक्रवारपर्यंत यातली दोन होतील, कोणती दोन आधी करू?’ मग निवड त्यांच्याकडे जाते.

झोपेची गोळी मेडिकलवाल्याकडून परभारे घेऊ नकोस. ओळखीने मिळते, म्हणूनच सांगतेय. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय काही आठवड्यांत लागते, आणि त्या अचानक बंद केल्या तर त्रास दुप्पट. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, किंवा नसतेच मी तर बरं असं मनात आलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. त्या शेवटच्या बाबतीत दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी. मला कितीही वाजता उठव. शिवाय सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. नंबर संजयच्या फोनमध्येही टाक.

सगळं एकदम सुरू करू नकोस. या आठवड्यात वही आणि चहा, पुढच्या आठवड्यात रात्रीची पाळी. श्वासाला आजपासून काहीच लागत नाही.

तुझी,
वैजू

ता. क. शुक्रवारी रजा टाकू नकोस. सकाळी साडेआठला मी येते, संजय येईपर्यंत आईंजवळ थांबते. जेवण, गोळ्या, कूस बदलणं, फिजिओची बेल, सगळं माझ्याकडे. वहीत ‘शुक्रवार’समोर माझं नाव लिही आणि दिवसभर फोन करून विचारू नकोस. काही लागलं तर मी करेन.