लते, ते करडू परत आलं

प्रिय लता,

सलाम. पोळ्याच्या वेळेस तुझा मेसेज आला होता, "जिवंत आहेस का वं" म्हणून, आणि मी नुसता अंगठा पाठवला. नंतर तुझ्या बाबांच्या वर्षश्राद्धा... म्हणजे आठवणीच्या प्रार्थनेला पण नाही आली. निंदण चालू होतं, मग पाऊस थांबेना, मग वेचणी. पण खरं सांगते, ही सगळी कारणं. एकदा उशीर झाला की माणूस लाजेनं आणखी उशीर करतो. तू घालशील त्या शिव्या मला कबूल आहेत, फक्त आधी हे पूर्ण वाच. फोन नाही केला कारण घरात कोपरा नाही, सगळे ऐकतात, आणि हे फक्त तुलाच सांगायचं आहे. तू नाही समजली तर कोणीच नाही समजणार.

आमचं सगळं ठीक. माझी कंबर तशीच, यांची शुगर कंट्रोलमध्ये, सासूबाई पहिल्यापेक्षा जोरात बोलतात.

तर ऐक. नाताळच्या भेटींचं. तुला माहीत आहे आमच्या घरी तिघांना काहीतरी द्यायचंच असा माझा नियम आहे, अगदी बोंडअळीच्या वर्षी पण मोजे आणि गजक दिली होती. पण आता लहान नाहीत ना ते. अभी सतराचा झाला, छबी पंधराची, छोटू तेराचा. गजकीवर भागत नाही. यावर्षी कापसाचे पैसे हातात नाहीत. यंदाचा हमीभाव क्विंटलला 8110 आहे लांब धाग्याला, पण त्यासाठी त्या कपास किसान ॲपवर नोंदणी, मग स्लॉट, मग सेंटरवर गाडी घेऊन जा, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी वापस, 8 च्या वर असला तरी भाव कापतात. दिवाळीपर्यंत पाऊस पडला तर कापूस कोरडा कुठून असणार. खेडा खरेदीवाला दारात येऊन 6900 म्हणतो. हे म्हणतात थांबू. म्हणून घरातल्या एका खोलीत कापूसच कापूस, आम्ही त्याच्यावर झोपतो, आणि डब्यात पैसे नाहीत.

माझ्याजवळ होते ते लाडक्या बहिणीचे तीन हप्ते. 1500 चे तीन, 4500. कोणाला हात लावू दिला नव्हता. आणि मला इतकं बरं वाटलं लते, की तीन लेकरं, तीन हप्ते, एकाचा एक, कोणाची कुरकुर नको. मनातल्या मनात तीन पाकिटं पण केली.

मग अभीचं सुरू झालं. त्याला पोलीस भरतीत जायचं आहे. बारावी झाली, अठरा पूर्ण झाले की फॉर्म भरणार. रोज पहाटे साडेचारला डांबरी रोडवर पळतो, 1600 मीटर, त्याचा एक दोस्त मोबाईलवर टाइम लावतो. कॅनव्हासच्या फाटक्या बुटात पळतो आणि घरी येऊन पाय गरम पाण्यात ठेवतो. मला पाहवत नाही. यवतमाळला पळायचे बूट विचारले तर 2150 च्या खाली बरे नाहीत. छोटूला बॅट पाहिजे, त्यांच्या टीममध्ये एकच बॅट आणि ती ज्याची आहे तो आउट झाला तरी देत नाही, असं त्याचं म्हणणं. 1250. दोघांनी महिनाभर माझं डोकं खाल्लं. बूट कोणते, सोल कसा, बॅटची मूठ कशी, अभीनं तर मला मोबाईलमध्ये व्हिडिओ दाखवले.

आणि छबीला विचारलं तर ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणे, "मले काई नाई पायजे मम्मी. दादाले बूट घे."

लते, मला आनंद झाला. हे तुला खरं सांगते. सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या मंगळवारी एसटीनं गेली, हाफ तिकिटावर, दत्त चौकात उतरली, दोन तास बुटाच्या दुकानात बसली, तीन दुकानं फिरली, सोल वाकवून पाहिला. बॅटसाठी अर्धा तास, तिथल्या पोरानं टकटक करून आवाज ऐकवला. मग बसची वेळ झाली. उरले 1100. पळत पळत छबीसाठी शाळेचा मरून स्वेटर घेतला 650 चा, आणि दहावीचा प्रश्नसंच 380 चा. पाच मिनिटं. साईज पण अंदाजानं.

बूट आणि बॅट गव्हाच्या कोठीमागे लपवले. स्वेटर नाही लपवला. थंडी पडली होती, तिचा जुना कोपरावर फाटला होता, दुसऱ्याच दिवशी घालून शाळेत गेली. थँक्यू म्हणाली, हसली पण.

आता जे झालं ते. तुला माहीत आहे घरचा हिशोब तीच लिहिते, बचत गटाचं रजिस्टर पण तीच, अक्षर तुझ्यासारखं. मी बिलं तिच्याकडे दिली आणि विसरली. शुक्रवारी रात्री वही उघडली, वेचणीवाल्या बायांचे पैसे पाहायला. एका पानावर वर लिहिलेलं, नाताळ 2025. दादा, बूट, 2150. छोटू, बॅट, 1250. तिसऱ्या ओळीत, छबी. आणि पुढे काही नाही. मला वाटलं लिहायचं राहिलं. मागचं पान उलटलं तर शाळा-खर्चाच्या पानावर, फीच्या खाली, स्वेटर 650, प्रश्नसंच 380. बरोबर जागी. रागानं नाही गं, खाडाखोड नाही, रडून ओलं केलेलं पान नाही. तिनं नुसता हिशोब बरोबर लिहिला. स्वेटर शाळेचा आहे तर शाळेत.

मी ती वही घेऊन कापसावर बसली, कितीतरी वेळ. मग मागच्या वर्षांच्या वह्या काढल्या. मागच्या नाताळला छोटूला कॅरम, अभीला घड्याळ, छबीला दप्तर. त्याच्या आधी छबीला चप्पल. त्याच्या आधी छबीला कंपास पेटी आणि दोन ओढण्या.

यांना दाखवलं. हे काय म्हणाले माहीत आहे? "तिनं मागितलं का कधी? मागितलं असतं तर आपण नाही म्हटलं असतं का?" आणि लते, मी पण त्याच्या आधी मनात हेच म्हणत होती. शब्दाला शब्द.

आता आठवलं का? सातवीत, होस्टेलच्या व्हरांड्यात, संडे स्कूलमधून येऊन आपण भांडलो होतो, उधळ्या पुत्राच्या गोष्टीवरून. बाप धाकट्यासाठी पोसलेलं वासरू कापतो आणि थोरला बाहेर उभा राहून म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, मला मित्रांबरोबर मजा करायला कधी एक करडू दिलं नाही. तू म्हणायची थोरला जळका आहे, त्यानं मागितलं होतं का? बाप तर म्हणतोच, माझं ते सगळं तुझंच. आणि मी रडत म्हणायची, सगळं तुझंच म्हणजे कशाचंच नाही, करडू न मागता द्यायचं असतं. दोन दिवस आपण बोललो नाही. मग पूर्ण होस्टेल मला करडू म्हणायला लागलं, आणि ते नाव तूच ठेवलं, हे तू आजही कबूल करत नाहीस. साबणाचं पण नाही करत. नाताळला मेट्रनबाई सगळ्या पोरींना एकसारखं द्यायच्या, एक साबण, एक कंगवा, एक टॉवेल, कोणाला कमी नाही जास्त नाही, आणि रात्री दिवे गेल्यावर सगळ्या जणी अदलाबदल करत बसायच्या. तेव्हाच समजायला पाहिजे होतं मला, सारखं देऊन भागत नाही म्हणून. माझा साबण मात्र अदलाबदलीत नव्हता, तो तू नेला.

तर त्या रात्री मी मनात तुझं वाक्य बोलली. आपल्या घरात थोरल्या भावाच्या जागी माझी छबी उभी आहे आणि मी बापाच्या बाजूनं बोलते आहे. ज्या करडासाठी मी तुझ्याशी भांडली, ते मी माझ्याच पोरीला नाही दिलं.

यांचा दुसरा मुद्दा पण ऐक. रविवारी पाळकसाहेबांनी संत निकोलसची गोष्ट सांगितली ना, तो तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप, एका गरिबाला तीन पोरी, हुंड्याला पैसे नाही, तर यानं रात्री गुपचूप मोहरांची थैली टाकली, एकीच्या वेळी एक, दुसरीच्या वेळी दुसरी. हे चर्चमधून येता येता म्हणे, "पाय, त्यानंही तिघींले एकदम नाई देल्लं. ज्याची त्याची पाळी. पुढच्या वर्षी छबीची." मी म्हटलं, त्या गोष्टीत तिसरीची पण थैली आली होती. आपल्या घरी मधलीची पाळी पुढच्या वर्षीच असते, दरवर्षी.

सासूबाई म्हणाल्या पोरीच्या जातीला कशाला. ते मी इथे लिहीत नाही पूर्ण, हात थरथरतो.

पैशाचा फरक मला सहन झाला असता गं. अभीचे बूट महाग, आहेत तर आहेत, आणि बूट पण गरजेचेच ना? मी हाच विचार तीन दिवस करते आहे, बूट गरज आणि स्वेटर पण गरज, मग बूट भेट कसे आणि स्वेटर खर्च कसा. तर बूट त्यानं पाहिले, मागितले, त्यांची स्वप्नं पाहिली, आणि मी त्याच्यासाठी महिनाभर जीव घातला. स्वेटर मी बसची घंटी ऐकत घेतला. तिनं काय पाहिलं, काय मनात ठेवलं, मला माहीतच नाही. पंधरा वर्षांची पोरगी माझ्या शेजारी झोपते आणि तिला काय आवडतं हे मला सांगता येत नाही. अभीचं सांगते, छोटूचं तर बॅटचं वजन सांगते.

अभीला कसं कळलं माहीत नाही, तो म्हणे मम्मी बूट वापस कर. दुकानदार वापस घेत नाही, बदलून देतो फक्त, पण घेतले असते तरी मी नसते केले. त्याच्या पायातून काढून तिला दिलं तर ती ते घालेल का? आणि त्याला काय वाटेल, सख्ख्या बहिणीसाठी प्रत्येक वेळी आपल्यातलं जातं म्हणून. याकोबानं योसेफाला एकट्याला झगा शिवला आणि भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं, ते मी विसरली नाही.

मग यांनी तोड काढली. आपल्या बकरीला नोव्हेंबरात पिल्लू झालं, पाट म्हणजे मादी आहे, लाल, कान लांब. "ते देऊन टाक तिच्या नावानं. मोठी झाली का सात-आठ हजाराची होते. तुह्यं करडूही होऊन जाते." हसत होते. करडाची गोष्ट यांना मी लग्नानंतर सांगितली होती, ते धरून ठेवलं. मला एक मिनिट चांगलं वाटलं, मग इतका राग आला की ताट तसंच ठेवून उठली. म्हणजे भावाला बॅट, भावाला बूट, आणि हिला चारा आणायचा, लेंड्या काढायच्या, ते पण भेट म्हणून? तू मला सांग, मी चुकली का? दोन दिवस यांच्याशी बोलली नाही.

काल तिला घेऊन वेचायला गेली. दोघीच. ओळीला ओळ लावून. मी परत विचारलं नाही काय पाहिजे, कारण तिचं उत्तर ठरलेलं आहे. तिला आपल्या होस्टेलचं सांगत बसली, तुझं सांगितलं, साबणाचं पण, खूप हसली. पेट्यांचं सांगितलं, पलंगाखाली ओळीनं पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकीचं कुलूप, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. ती बराच वेळ गप्प. ओटीत कापूस भरला, गाठोड्यात रिकामा करून आली, आणि मग म्हणे, "मम्मी, कुलपाची पेटी कितीले येते?"

बस, एवढंच. मी पण जास्त काही बोलली नाही, नाहीतर परत आत गेली असती. आमच्या घरी तिची एक वस्तू जागेवर राहत नाही. छोटू पेन नेतो, अभी आरसा नेतो, सासूबाई ओढणीनं डबे पुसतात. तिनं तुझ्यासारखं लिहिलेलं काहीतरी वहीत असतं, ते ती गादीखाली ठेवते, मला माहीत होतं, मी समजत होती शाळेचं आहे.

पेटी नवी पाहिजे. तुझी आकाशी पेटी अजून आहे, हे मला माहीत आहे, ती तू देशील हे पण माहीत आहे, पण पाठवू नको. तिला सगळं कोणाचं तरी वापरलेलंच आलं. बरी पेटी चौदा-पंधराशेची आहे, मी फोन करून विचारलं. माझ्या मनात आलं महिला मंडळाची साडी सोडते, सगळ्याजणी नाताळला एकसारखी मोतिया घेताहेत. मग तू समोर उभी राहिली माझ्या, कमरेवर हात ठेवून. आईनं आपलं सोडलं की पोरगी काय शिकते, हेच ना? म्हणून साडी घेणार आहे मी. पैसे यांच्याकडून घेतले. 31 च्या रात्रीच्या मटणाचे ठेवले होते दोस्तांसाठी, ते. थर्टी फर्स्टला त्यांचे दोस्त वांग्याचं भरीत खातील, आमच्याकडची वांगी चांगली आहेत. पहिले तोंड फुगवलं, मग वही परत पाहिली, छबीची ती कोरी ओळ, आणि काही न बोलता खिशातून काढून दिले. माणूस वाईट नाही गं, तू उगाच पहिल्यापासून त्यांच्यावर.

गुरुवारी तिला घेऊनच जाते आहे, शाळेला दांडी. तीच निवडेल, दोन तास लागले तरी चालेल, शेवटची बस गेली तर तिथे माझ्या मामेबहिणीकडे राहू. दुसरी किल्ली मी मागणार नाही हे पण ठरवलं. सासूबाई मागतील, तेव्हा पाहू.

सोनूच्या नीटच्या क्लासचं काय झालं? तुझी नाईट बंद झाली का, की अजून लावतात? सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ऐकलं, चालतात का? तुझ्या बाबांच्या वेळी मी यायला पाहिजे होतं, ते समोर बसूनच बोलीन. नाताळनंतर कापूस गेला की दोन दिवस नागपूरला येते, छबीला घेऊन. साबण तयार ठेव.

आणि हो, तुझ्या पेटीवर त्या पेंटरनं लताच्या जागी लाता लिहिलं होतं आणि तू पाच वर्षं त्यावर कॅलेंडर चिकटवून ठेवलं. छबीचं पूर्ण नाव लिहायचं आहे, पांढऱ्या रंगात. मी पेंटरच्या शेजारी उभी राहणार आहे.

तुझीच,
करडू